हेडमास्तरांनी कुठे बसावं

४ मार्च

ती. मावशीस,

फोन केला होता. तू म्हणालीस, इस्त्री तापली आहे, काय ते कागदावर लिही, फोनवर तू मधेमधे बोलतेस. म्हणून लिहिते आहे.

मी संसदेत नोकरीला आहे हे तू लाँड्रीत येणाऱ्या प्रत्येकाला सांगतेस, पण तिथे मी नेमकं काय करते ते तुला ठाऊक नाही, असं आई म्हणाली. तर ऐक. कायदा करायच्या आधी लोकांना विचारावं, तुम्हाला हे चालेल का. हे विचारायचं काम आमच्या लोकसहभाग कक्षाचं. खासदारांची समिती गावोगाव जाते, लोक येतात, बोलतात, लघुलेखक ते लिहून घेतो. निदान तसं ठरलेलं आहे.

पहिल्या गावात सभागृहाचा रखवालदार आला. तो दिवे बंद करायला आला होता. दुसऱ्या गावात एक गृहस्थ आले. त्यांना वाटलं डोळे तपासायला बोलावलंय. त्यांनी एक डोळा झाकून आमचा फलक वाचून दाखवला, शेवटची ओळ सोडून, आणि विचारलं, नंबर किती निघाला? अध्यक्षांनी त्यांचे आभार मानले. 'एका नागरिकाने विधेयकाचे शीर्षक वाचले' अशी नोंद इतिवृत्तात आहे.

तिसरी सुनावणी तुमच्या गावी आहे. २८ तारखेला, तुमच्याच नाट्यगृहात. थोडी माणसं जमवशील का? सहजच विचारते. विधेयकाचं नाव 'सार्वजनिक आसनव्यवस्था सुसूत्रीकरण विधेयक'. ते वाचायची काही गरज नाही. माणसं आली म्हणजे झालं.

सोबत पत्रक पाठवते. त्यावर जो पाय फुटलेला घुमट दिसतो तो आमचा घुमटू. आमच्या कक्षाचा बाहुला आहे. आत माणूस शिरतो आणि हात हलवतो. मुलांना आवडेल असा अंदाज होता. मुलं रडतात.

जमलं तर बघ. सहजच.

तुझी
भिंगरी


९ मार्च

चि. भिंगरीस,

पत्रक मिळालं. एका बाजूला घुमटू आहे. दुसऱ्या बाजूलाही घुमटूच आहे, पाठमोरा. मधे काहीतरी सांगायचं राहून गेलं असावं.

माणसांची चिंता करू नकोस. आमच्याकडे नाट्यगृहाचं दार उघडं दिसलं की माणसं आत जातात. आत काय चाललंय ते बसल्यावर बघतात. प्रश्न बोलण्याचा आहे. माझ्या दुकानासमोरच्या बाकड्यावर हीच मंडळी दिवसभर बोलत असतात. न्हावी तर गिऱ्हाइकाच्या गालाला साबण लावून इकडे येतो आणि वाद घालत बसतो. तिकडे साबण वाळतो. हेडमास्तर निवृत्त झाले, पण तास संपल्याची घंटा वाजेपर्यंत त्यांना थांबता येत नाही, आणि घंटा तर आता नाहीच. पण यांच्यापुढे माइक ठेवून बघ. स्वतःचं नाव विसरतील.

हे मी अनुभवाने सांगते. आमच्या नाटक मंडळीत मी किती वर्षं प्रॉम्प्टिंग केलं ते तुला आठवत असेल. तू विंगेत माझ्या पायाशी झोपायचीस. एकदा ऐन प्रवेशात नायकाची वाचा बसली. मी वाक्य दिलं. नायकाने ते घेतलंच नाही. शेजारी उभ्या असलेल्या खलनायकाने घेतलं. 'तुझ्याशिवाय मला जगता येणार नाही,' असं म्हणून तो नायिकेसमोर गुडघ्यावर बसला. नायिका भली बाई, तिने होकार दिला. लोकांनी छत डोक्यावर घेतलं. पुढचे सगळे प्रयोग आम्ही तसेच केले. नायकाने नाटक सोडलं आणि औषधाचं दुकान काढलं. ते माझ्या शेजारीच आहे. अजून माझ्याशी सरळ बोलत नाही.

सांगायचा मुद्दा, विंगेत मी असेन. कुणी अडलं तर हळूच शब्द देईन.

आता खरं सांग. एका पत्रात दोनदा 'सहजच' लिहिलंस. नोकरीचं काही बिनसलंय का?

तुझी मावशी


१३ मार्च

ती. मावशीस,

नोकरी अगदी भक्कम आहे. तू काहीही डोक्यात घेतेस.

पण प्रॉम्प्टिंग नको. हात जोडते. जनतेच्या तोंडी कुणी वाक्य घालायचं नाही असा लेखी नियम आहे. तसं झालं तर सुनावणी रद्द होते. लोकांना स्वतःचं बोलू दे. अडखळले तरी चालतील. अडखळणंसुद्धा लघुलेखक लिहून घेतो, त्याला कंसात 'स्तब्धता' म्हणतात.

माणसं येतायत हे वाचून बरं वाटलं. इथे आमच्या कक्षाच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी विचारलं, खरी माणसं?

भिंगरी

ता. क. विधेयक कुठे वाचायला मिळालंच तर कलम सात सोडून दे. फार कंटाळवाणं आहे.


१७ मार्च

चि. भिंगरीस,

कलम सात वाचलं. हेडमास्तरांनी खड्या आवाजात वाचलं, सगळं बाकडं ऐकत होतं.

'सार्वजनिक आसन हे एकव्यक्तीय, पुढे कललेले व दीर्घकाळ बसण्यास अनुत्तेजक असावे. अन्य आसने हटवण्यात यावीत.'

"म्हणजे काय हो?" शिंपीणबाईंनी विचारलं.

"म्हणजे बूड टेकवायचं, पण बसायचं नाही," हेडमास्तर म्हणाले.

"मग उभंच राहा म्हणावं की मेल्यांनो. बाकड्याचं नाव कशाला?"

भिंगरे, तू हे बाकडं विसरलीस का? नाटक मंडळी बंद पडली तेव्हा राजदरबाराचं सिंहासन कुणी घेईना. सुताराने ते मधोमध कापलं, मधे फळ्या घातल्या आणि लांब केलं. म्हणून तर दोन्ही टोकांना सिंहाचं एकेक डोकं आहे. एकव्यक्तीय होतं ते आम्ही सार्वजनिक केलं, आणि तुमची संसद आता उलटं करायला निघाली आहे.

मला राग आला. आधी कायद्याचा, मग तुझा. कंटाळवाणं म्हणे.

तुझ्या बाजूने इथे एकच माणूस आहे, औषधवाला. त्याचं म्हणणं बाकडं जावंच. हेडमास्तर दुकानाकडच्या टोकाला बसून पाय लांब करतात आणि त्याच्या पायऱ्या अडतात. "म्हातारी माणसं येतात माझ्याकडे. त्यांनी काय हेडमास्तरांवरून उडी मारायची?" असं तो हेडमास्तरांकडे बघून, पण न्हाव्याला म्हणाला. हेडमास्तर म्हणाले, "पाय हा विषय कलमात कुठेच नाही." मी औषधवाल्याला निरोप पाठवला, तूही ये आणि बोल. खलनायक नसला की पहिला अंक लांबतो.

तेव्हा आता माणसं फक्त येणार नाहीत, बोलणारही आहेत. रोज दुपारी सराव चालतो. न्हाव्याचं वाक्य छान बसलंय. हेडमास्तरांचं भाषण चाकाच्या शोधापासून सुरू होत होतं. ते आम्ही खुर्चीच्या शोधापर्यंत आणलंय.

प्रॉम्प्टिंग करणार नाही. गुडघे दुखतात म्हणून विंगेत एक स्टूल ठेवलंय, एवढंच.

मावशी


२१ मार्च

ती. मावशीस,

स्टूल काढ.

आता खरं लिहिते. ही सुनावणीही रिकामी गेली तर आमचा कक्ष बंद करून गालिचे आणि पडदे विभागात विलीन करणार आहेत. साहेबांनी मला तो विभाग दाखवूनही आणला. तिथे एक खिडकी आहे, पण तिच्यावर पडदा आहे. मी तुला सांगितलं नाही, कारण तुला कळलं की तू काहीतरी करतेस, आणि तू काही केलंस की ते गावभर होतं.

कलम सातचंही लपवायला नको होतं. लोकांना बोलतं करायची नोकरी माझी, आणि मीच तुला वाचू नको म्हणाले. पण मावशी, तुमचं बाकडं वाचवायचं असेल तरी नियम पाळूनच वाचव. माणसं भरपूर आली आणि नियम मोडला, तर बाकडंही जाईल आणि मीही.

आमचे अध्यक्ष वाईट नाहीत. मऊ माणूस आहे. फक्त त्यांना स्वतःहून बोलायची सवय राहिलेली नाही. डाव्या हाताला सचिव बसतो, तो चिठ्ठी सरकवतो नाहीतर कानात सांगतो, की हे बोलतात. एकदा सचिव कानात म्हणाला, "साहेब, चहा गार होतोय." अध्यक्षांनी ते सभागृहाला सांगितलं. विरोधी बाजूने सभात्याग केला.

मी स्वतः येणार आहे. माझी नजर विंगेवर असेल.

भिंगरी


२४ मार्च

चि. भिंगरीस,

बरं. विंगेत बसणार नाही.

उभी राहीन.

मावशी


३ एप्रिल

ती. मावशीस,

तुला त्या दिवशी भेटताही आलं नाही. काय झालं ते तुला कळलं नसेल. घुमटूच्या आत शिरणाऱ्या सहकाऱ्याच्या अंगावर त्या सकाळी पुरळ उठलं. साहेब म्हणाले, घुमटूशिवाय लोकसहभाग कसा? मग मला आत शिरावं लागलं. घुमटूचे डोळे माझ्या गुडघ्यांच्या जरा वर येतात. संपूर्ण सुनावणीत मला फक्त जोडे दिसले. पण किती जोडे! खुर्च्या भरल्या, मग कडेच्या रांगा भरल्या, मग कुणीतरी माझ्याच पायावर उभं राहिलं. आत मी रडले. पुसायला हात आत येत नव्हता. आतून काही ऐकूही येत नाही, नुसता समुद्रासारखा आवाज येतो. तो वाढला की टाळ्या समजून मी हात हलवत होते.

साहेब खूश आहेत. गालिच्यांचं नाव कुणी काढत नाही. काल संध्याकाळपर्यंत मीही खूश होते.

काल शब्दशः इतिवृत्त आलं. एक भाग जसाच्या तसा उतरवते.

न्हावी: नमस्कार. (स्तब्धता.) (स्तब्धता.)
अध्यक्ष: हे बाकडं माझं दुसरं दुकान आहे, साहेब.
(टाळ्या.)
अध्यक्ष: दाढी कुठेही होते. बोलायला जागा लागते.
(प्रचंड टाळ्या.)
शिंपीण: मी, आपलं, म्हणजे. (स्तब्धता.)
अध्यक्ष: सुईत दोरा ओवायला मला याच बाकड्यावर उजेड मिळतो.
(टाळ्या. कोणीतरी शिट्टी वाजवते.)
अध्यक्ष: हे बाकडं हलणार नाही.

लघुलेखक माझ्या टेबलापाशी आला. म्हणाला, "ताई, मी अध्यक्षांची भाषणं आयुष्यभर लिहून घेतोय. सुईत दोरा कधी आला नव्हता."

पुढे तर याहून विचित्र आहे.

अध्यक्ष: बाकडं हलणार नाही. हेडमास्तर हलतील. ते दुसऱ्या टोकाला बसतील.
हेडमास्तर: का म्हणून?
अध्यक्ष: पाय लांब करता म्हणून.

मावशी, अध्यक्षांनी सुनावणीत दिलेलं आश्वासन पाळावंच लागतं. ते आता नोंदीत आहे. आणि यातलं एक वाक्य जरी तू जनतेच्या तोंडी घातलं असशील, तर सगळं रद्द. काय केलंस ते सरळ लिही. काही लपवू नकोस. लपवण्याचा कोटा मी आधीच संपवलाय.

भिंगरी


७ एप्रिल

चि. भिंगरीस,

तो घुमट म्हणजे तू होतीस? मी त्याला दोनदा म्हटलं, बाजूला हो रे मेल्या, नाटक दिसत नाही. माफ कर.

सरळ लिहिते.

अध्यक्षांना उकडत होतं. त्यांनी पंखा मागितला. पंखा आमच्या विंगेपाशी आहे, म्हणून त्यांची खुर्ची सरकवत सरकवत विंगेला आणून लावली. पंखा सुरू झाला आणि सचिवाच्या सगळ्या चिठ्ठ्या उडाल्या. सचिव त्या गोळा करायला प्रेक्षकांत गेला तो गेलाच. शिंपीणबाईंच्या नणंदेने त्याला बसवून घेतलं आणि चहा दिला.

न्हावी उभा राहिला. नमस्कार म्हणाला आणि संपला. चेहरा बघवेना. मी ठरवलं होतं गप्प राहायचं. आईच्यान ठरवलं होतं. पण अडलेला माणूस समोर दिसला की माझा घसा आपोआप चालतो. मी न्हाव्याला वाक्य दिलं. न्हावी माइकच्या पलीकडे, पंख्याची घरघर, त्याच्यापर्यंत काही पोचलं नाही. पण मधे अध्यक्ष. वाक्य डाव्या बाजूने आलं आणि त्यांनी ते घेतलं. खाड्‌कन. भिंगरे, दिलेल्या वाक्याचा इतका स्वच्छ उठाव मी आमच्या कुठल्याच नटात पाहिला नव्हता.

टाळ्या पडल्या. त्यांना फार बरं वाटलेलं दिसलं. आणि मग ते विंगेकडे वळून माझ्याकडे बघत बसले. नटाने विंगेकडे बघितल्यावर वाक्य न देणं हे पाप आहे. मी दिलं. शिंपीणबाईंच्या वेळीही तेच झालं. तिचं वाक्य त्यांनी तिच्याहून छान म्हटलं. तिने स्वतः टाळ्या वाजवल्या. 'हे बाकडं हलणार नाही,' हे मात्र कुणालाच द्यायचं नव्हतं. ते मी रागाने पुटपुटले. तेही त्यांनी घेतलं.

मग औषधवाला उभा राहिला. एकटा, सगळ्या सभागृहाच्या विरुद्ध. 'माझ्या दुकानाच्या...' म्हणाला आणि थांबला. लोक हसायला लागले. त्याने मान वळवली आणि विंगेकडे बघितलं. इतक्या वर्षांनी. तोच कोन, तीच भेदरलेली नजर. मला त्याचा मुद्दा नको होता. बाकडं माझं आहे. पण विंगेत उभ्या असलेल्या माणसाला बाजू नसते. 'पायऱ्या,' मी म्हटलं. एवढंच. या वेळी त्याने घेतलं. आणि मग जो बोलला! म्हाताऱ्या बायका कठड्याला धरून कशा चढतात, एकीचा खोकला वर पोचेपर्यंत कसा वाढतो. हेडमास्तरांनी बसल्या जागी पाय आत घेतले.

तेव्हा जनतेच्या तोंडी मी फक्त 'पायऱ्या' एवढा एक शब्द घातला, आणि तो त्याचाच होता. दिवसातून दहादा तोच शब्द काढून तो भांडतो.

बाकीचं सगळं मी अध्यक्षांच्या तोंडी घातलं. त्याला नियम आहे का?

आणि एक. 'हेडमास्तर हलतील' हे वाक्य माझं नाही. औषधवाल्याचं बोलून झालं तेव्हा मला काही सुचत नव्हतं. अध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. मी हात हलवले, माझ्याकडे काही नाही म्हणून. मग समोर वळले आणि बोलले.

तुझी मावशी


१६ एप्रिल

ती. मावशीस,

तुझं पत्र घेऊन मी अध्यक्षांकडे गेले. आधी गालिचे विभागात जाऊन माझं टेबल कुठे बसेल ते बघून आले, म्हणजे धक्का बसायला नको.

ते एकटेच होते. मी पत्र वाचून दाखवलं. 'इतका स्वच्छ उठाव' तिथे त्यांनी परत वाचायला सांगितलं.

मग म्हणाले, "मला कळलं होतं. आवाज बाईचा होता. माझा सचिव पुरुष आहे."

"मग तुम्ही थांबला का नाहीत, साहेब?"

"आयुष्यात पहिल्यांदा बाजूने आलेलं वाक्य मला समजत होतं."

मी 'पायऱ्या'बद्दल सांगितलं. नियम दाखवला. त्यांनी तो नाकाजवळ धरून वाचला. "एक शब्द? तोही त्याचाच? मला तर पूर्ण वाक्यं लागतात." नियमाच्या कागदाच्या कडेला त्यांनी लिहिलं, 'स्मरण करून दिले, तोंडी घातले नाही,' आणि सही केली. अध्यक्षांच्या तोंडी कुणी काय घालावं याला नियम नाही. त्या कामाला पगारी माणूस नेमलेला असतो.

मी दारापाशी पोचले तेव्हा त्यांनी हाक मारली. उभे राहिले होते.

"ते हेडमास्तरांचं. ते माझं होतं ना?"

"हो साहेब. मावशीने तसं लिहिलंय."

"परत वाच."

मी वाचलं. मावशी, ते लाजले.

समितीने कलम सात वगळलंय. तुमचं बाकडं राहतं. आणि कक्षही राहतो, पण कारण ऐकून तू मला हसशील. अध्यक्षांनी दिलेलं आश्वासन पाळलं जातंय की नाही यावर कुणीतरी लक्ष ठेवायला हवं. ते काम आमच्याकडे आलं. म्हणजे जोवर हेडमास्तर दुसऱ्या टोकाला बसतायत, तोवर आमचा कक्ष आहे. आमच्या कक्षाचे साहेब रोज सकाळी विचारतात, बसले का?

अध्यक्षांनी विचारलंय, तू इथे येऊन त्यांच्या डाव्या बाजूला बसशील का? पंख्याची सोय करतो म्हणाले.

हेडमास्तर बसले का?

तुझी भिंगरी


२९ एप्रिल

चि. भिंगरीस,

पहिले काही दिवस कठीण गेले. तुला मुद्दाम कळवलं नाही. हेडमास्तर कुठेच बसेनात. "मी कुठे बसावं हे आता संसद सांगणार?" म्हणून बाकड्यासमोर उभे राहिले. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "सार्वभौम सभागृहाने मला बदली दिली आहे." पाय सुजले तरी उभे. मी म्हटलं, "अहो, माझ्या भाचीची नोकरी तुमच्या बुडाखाली आहे, बसा." ते म्हणाले, "तत्त्वाचा प्रश्न आहे."

मग एका दुपारी औषधवाला दुकानातून बाहेर आला. इतक्या वर्षांत तो बाकड्याकडे फिरकला नव्हता. हेडमास्तरांच्या रिकाम्या टोकाला, सिंहाच्या डोक्यावर हात ठेवून बसला आणि म्हणाला, "बोलून टाकलं म्हणजे मोकळं वाटतं, नाही?" मग म्हणाला, "तसा तुमचा चाकाचा शोध मला पटत नाही, हेडमास्तर." हेडमास्तरांच्या कपाळाची शीर उठली. उत्तर द्यायला पाठीला टेकू हवा. ते तडक दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. आता दोघं दोन सिंहांना धरून एकमेकांवर ओरडतात आणि मधले आम्ही माना फिरवतो. साहेबांना सांग, बसले. उठायची चिन्हं नाहीत.

न्हाव्याला त्याचं वाक्य सापडलंय. आता थांबत नाही. गिऱ्हाइकाच्या गळ्यावर वस्तरा ठेवून म्हणतो, हे बाकडं माझं दुसरं दुकान आहे, साहेब. गिऱ्हाईक लगेच हो म्हणतं.

तुमच्या अध्यक्षांना सांग, मी येणार नाही. त्यांना आता गरज नाही. एकदा नटाने स्वतःचं वाक्य उच्चारलं की तो विंगेचं ऐकत नाही, मग आपण तिथे उभं राहून फक्त सर्दी घ्यायची.

पण पुढच्या सुनावणीला इकडे या. विषय कुठलाही चालेल. कोण बोलणार असं विचारू नकोस, गप्प कोण बसणार ते विचार. मी या वेळी समोर बसेन. सगळी नाटकं मी बाजूने पाहिली. मला नटांचा डावा कान तेवढा ओळखीचा आहे. चेहरे बघायचेत.

फक्त तू त्या घुमटात शिरू नकोस, आणि शिरलीस तर पहिल्या रांगेपुढे उभी राहू नकोस.

तुझी मावशी

ता. क. औषधवाला दुकानाकडच्या टोकाला बसतो आणि पाय लांब करतो. परवा एक म्हातारी त्याच्या पायावरून उडी मारून त्याच्याच दुकानात गेली आणि आतून ओरडली, "कुणी आहे का?" तो म्हणाला, "आलो आलो," आणि बसूनच राहिला. संसदेने हेडमास्तरांचं विचारलंय, ते तिकडे बसलेत. याचं कुणी विचारलेलं नाही, म्हणून आम्ही काही कळवत नाही.